लीडचा तक्ता

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अंदाजपत्रकाला एक पान जोडलेले असते. डावीकडे मालाचे नाव: रेती, गिट्टी, मुरूम, वीट, सिमेंट, लोखंड. पुढे घाटाचे, खाणीचे किंवा बाजारपेठेचे गाव. शेवटच्या रकान्यात तिथून कामापर्यंतचे अंतर, किलोमीटरमध्ये. याला लीडचा तक्ता म्हणतात. इंजिनीअर तो भाड्याचा दर बसवण्यासाठी करतो, ठेकेदार बिलासाठी वाचतो, आणि काम संपले की तो फायलीत पडून राहतो. बांधकामाची पुरवठा साखळी कितपत शाश्वत आहे हे मोजण्यासाठी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगभर मानांकने निघाली, निर्देशांक निघाले, ते तपासून देणाऱ्या सल्लागार कंपन्या निघाल्या. या सगळ्यांचा पहिला प्रश्न लीडच्या तक्त्याचाच आहे: माल आला कुठून? आपल्याकडे त्याचे उत्तर, पैशासाठी का होईना, लिहून ठेवायची रीत आहे. मोजणी या पानापासून सुरू व्हावी, असे माझे म्हणणे आहे. आज ती साखळीच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या कंपनीच्या वार्षिक अहवालापाशी सुरू होते आणि तेल्हाऱ्यापर्यंत पोचतच नाही.

तेल्हारा निवडण्याचे कारण आहे. अकोला जिल्ह्याचा हा तालुका उत्तरेला सातपुड्याला टेकलेला आणि दक्षिणेला पूर्णा नदीच्या अंगाला उतरलेला आहे. डोंगराच्या पायथ्याला वान नदी अडवून केलेला हनुमान सागर, खाली काळी भारी जमीन, आणि पूर्णेकडे सरकावे तसा खारपाणपट्टा. इथे मोठे कारखाने नाहीत, उंच इमारती नाहीत. इथले बांधकाम म्हणजे घरकुल, शाळेची खोली, एखादे गोदाम, आणि कापूस-सोयाबीनचे बरे साल गेले की वाढवलेला मजला. देशातले बहुतेक बांधकाम याच आकाराचे आहे, आणि नेमके तेच कुठल्याही मोजणीत येत नाही.

एका घरकुलाचा हिशेब मांडून पाहू. पंतप्रधान आवास योजनेत ग्रामीण घराचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर आणि सपाट भागातले मूळ अनुदान 1 लाख 20 हजार रुपये. मिस्त्री लोकांच्या ठोकताळ्याने अशा घराला शंभरेक पोती सिमेंट लागते, म्हणजे पाच टन. आठ क्विंटलच्या आसपास सळाख. नऊ इंची भिंती धरल्या तर सात-साडेसात हजार विटा. रेती चार-पाच ब्रास, गिट्टी दोनेक ब्रास. आता यातला कार्बन पाहा. सिमेंट चंद्रपूरकडून, गडचांदूर-आवारपूरच्या पट्ट्यातून आले असे धरू. रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या घरात. सिमेंटच्या भट्टीत चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, कोळशाचा धूर वेगळा. राख मिसळलेल्या सिमेंटला टनामागे साधारण सहाशे किलो धरले तर पाच टनांचे तीन टन. आणि तेच सिमेंट ट्रकने तेल्हाऱ्यात आणण्याचे? माझ्या हिशेबाने दोनशे किलोच्याही आत. म्हणजे सिमेंटच्या बाबतीत अंतराला फार महत्त्व नाही, भट्टीला आहे.

आता विटा. वीस टन माती भाजायची. चिमणी नसलेल्या उघड्या भट्टीत किलोमागे दोनशे ग्रॅम कार्बन धरला, तरी चार टन होतात. सिमेंटपेक्षा जास्त! सिमेंटच्या कंपन्यांवर जगभर डोळे लागलेले असतात, त्या दरवर्षी टनाटनाचा हिशेब देतात, आणि गावाबाहेरच्या वावरात दिवाळीनंतर लागणाऱ्या वीटभट्टीचा हिशेब कोणी मागत नाही. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये वीटभट्ट्यांनी झिगझॅग पद्धतीकडे किंवा नैसर्गिक वायूकडे वळावे अशी अधिसूचना काढली. घरकुल बांधणारा माणूस भट्टीवर जाऊन ती कुठल्या पद्धतीची हे विचारत नाही. तो हजारी भाव विचारतो. त्याने तरी दुसरे काय विचारावे?

लोखंडाची गंमत उलटी आहे. वऱ्हाडात येणारी बरीच सळाख जालन्याची, दोनशे किलोमीटरच्या आतली. तिथल्या भट्ट्या भंगार वितळवतात, विजेवर. टनाला सहाशे युनिटच्या आसपास वीज, युनिटमागे सात-आठशे ग्रॅम कार्बन. वर लाटण्याचा खर्च धरला तरी खनिजापासून लोखंड काढणाऱ्या मोठ्या कारखान्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे तेल्हाऱ्यातल्या माणसाने स्वस्त आणि जवळचे म्हणून घेतलेले लोखंड कार्बनच्या हिशेबात चांगले निघते. पण ते सिद्ध करणारा कागद जालन्याच्या लहान रोलिंग मिलकडे नसतो. मोठ्या कारखान्याकडे असतो. प्रमाणपत्राच्या जगात कागद असलेला मळका माल स्वच्छ ठरतो आणि कागद नसलेला स्वच्छ माल बाजारात निनावी फिरतो.

सेबीने 10 मे 2021 च्या परिपत्रकाने बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल 2022-23 पासून सक्तीचा केला. जुलै 2023 मध्ये त्याला आणखी धार आली; मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांचे आणि विक्रेत्यांचेही आकडे द्यावेत असे ठरले. मग उद्योगांच्या तक्रारी आल्या, आणि आता खरेदी-विक्रीत ज्याचा वाटा दोन टक्के किंवा अधिक आहे अशाच भागीदाराचा विचार करायचा, तोही ऐच्छिक. तेल्हाऱ्यातला सिमेंटचा दुकानदार कुठल्याही कंपनीच्या विक्रीत दोन टक्के असणे शक्य नाही. रेतीचा ट्रॅक्टरवाला तर कुणाच्याच वहीत नाही. इमारतींच्या मानांकनांचेही असेच. ‘टेरी’ या संस्थेने घडवलेले आणि 2007 साली राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारलेले ‘ग्रिहा’ मुख्यतः 2,500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या इमारतींसाठी आहे. लहानांसाठी त्याची वेगळी आवृत्ती आहे खरी, पण ती कुणा घरकुलवाल्याच्या कानावर गेली असेल असे मला वाटत नाही. 2,500 आणि 25. चाळणीची भोके शंभरपट मोठी.

आणखी एक शंभरपट सांगतो. वर्ध्याजवळच्या शेगावात, जे पुढे सेवाग्राम झाले, गांधीजी 1936 साली राहायला गेले. तिथली पहिली कुटी जवळच्या सामानातून आणि गावच्या कारागिरांच्या हाताने, कमी खर्चात व्हावी असा त्यांचा आग्रह होता. जानेवारी 1937 च्या ‘हरिजन’मध्ये आदर्श गावाचे वर्णन करताना घरे पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामानाची असावीत असे त्यांनी लिहिले. लॉरी बेकर हे इंग्रज वास्तुशिल्पी ती पाच मैलांची गोष्ट आयुष्यभर सांगत राहिले. माझ्या मते पुरवठा साखळी मोजण्याचे हे आपल्याकडचे पहिले परिमाण. आता अमेरिकेतून आलेल्या ‘लीड’ मानांकनाकडे पाहा (आपल्या तक्त्यातल्या लीडशी त्याचा संबंध नाही). त्याच्या 2009 च्या आवृत्तीत ‘प्रादेशिक’ मालाची मर्यादा पाचशे मैल होती. तेल्हाऱ्याला मध्य धरून पाचशे मैलांचे वर्तुळ काढले तर मुंबई, हैदराबाद, भोपाळ तर आत येतातच. राजस्थानातला मकराणाही येतो. म्हणजे ताजमहालाचा संगमरवर तेल्हाऱ्यात लावला तरी तो प्रादेशिक!

तरीही पाच मैलांकडे भाबडेपणाने परत जाता येणार नाही, हे वरच्या सिमेंटच्या हिशेबातून दिसतेच. अंतर कमी केल्याने वाचणारा कार्बन फारसा नाही. मातीची भट्टी पाच मैलांत असूनही साडेतीनशे किलोमीटरवरच्या सिमेंटला मागे टाकते. मग गांधींच्या परिघाचा उपयोग काय? परिघात असलेल्या गोष्टीचे नुकसान दिसते. ज्याच्या वावरातली माती काढली तो ओळखीचा असतो. ज्या नदीची रेती उपसली तिच्याच काठच्या विहिरीचे पाणी खाली गेलेले आपण पाहतो. या परिघाला मी जबाबदारीचे अंतर म्हणेन. ते टनांत मांडता येत नाही, आणि म्हणून आजच्या निर्देशांकांतून गळून गेले आहे.

वऱ्हाडातल्या जुन्या घरांत हे अंतर आपोआप पाळले जाई. पांढऱ्या मातीच्या भिंती, सातपुड्यातले सागवान, वर धाबे आणि त्यावर खारी माती. ज्याला सागवान परवडत नाही त्याचा पऱ्हाटीचा नाहीतर तुराटीचा कूड. यातले काही गोड नव्हते. कूड पेटायचा, धाबे दरवर्षी दुरुस्तीला यायचे, पावसात भिंत बसायची. लोकांनी सिमेंट घेतले ते फॅशन म्हणून नव्हे. देवेंद्रकुमारांनी 1976 साली वर्ध्यात सुरू केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराने घडवलेल्या नळ्यांचे कमानदार छप्पर करून दाखवले, ज्यात लोखंड लागत नाही. तसे घर सरकारी योजनेत मोठ्या संख्येने का आले नाही, याचे एक उत्तर मोजमापाच्या वहीत आहे. इंजिनीअरला स्लॅब मोजता येतो, त्याचा दर दरसूचीत असतो. नळ्यांच्या कमानीचा दर नसला की ती मंजूरच होत नाही. मोजता येते तेच बांधले जाते. म्हणूनच काय मोजायचे हा प्रश्न मला तज्ज्ञांवर सोडवत नाही.

कार्बनचे हे सगळे आकडे तरी किती खरे? मी वर विटेला किलोमागे दोनशे ग्रॅम धरले. ही सरासरी आहे. भट्टीत कोळशाची चुरी टाकली की भुसा, माती ओली होती की वाळलेली, वारा कसा होता, यावर आकडा पावपट, दीडपट हलतो. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हा प्रकार नवा नाही. त्याला पैसेवारी माहीत आहे. काही निवडक प्लॉटांवर पीककापणी होते, गावाची सरासरी निघते, पन्नास पैशांच्या वर की खाली हे डिसेंबरअखेर जाहीर होते, आणि ज्याच्या वावरात बोंड भरलेच नाही त्याला कळते की आपल्या गावात पीक उत्तम आहे. कार्बनचे गुणांकही दूरच्या कुठल्यातरी भट्ट्यांची पैसेवारी आहेत. त्यांचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. अंदाजपत्रक करताना, वीट घ्यावी की राखेचा ठोकळा हे ठरवताना सरासरी पुरते. पण तेवढ्यावर एका घराला किंवा एका ठेकेदाराला दोन दशांशांपर्यंत गुण देणे हा शुद्ध देखावा आहे.

राखेचा विषय निघालाच आहे, तर पारस. बाळापूर तालुक्यातले हे औष्णिक वीजकेंद्र तेल्हाऱ्याहून पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. तिथे 250 मेगावॉटचे दोन संच आहेत. भारतीय कोळशात एक-तृतीयांश ते चाळीस टक्के राख निघते, तेव्हा राखेला तोटा नाही. 14 सप्टेंबर 1999 च्या अधिसूचनेपासून केंद्र सरकार ही राख विटांत आणि बांधकामात वापरायला सांगते आहे. 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने तर न वापरलेल्या राखेवर टनामागे हजार रुपये भरपाई लावली. राखेची वीट भाजावी लागत नाही, माती वाचते, आणि तेल्हाऱ्यासाठी ती कदाचित सगळ्यात शहाणी निवड आहे. मात्र हिशेबातली एक मखलाशी लक्षात ठेवावी. ही वीट आणि राखमिश्रित सिमेंट दोन्ही ‘कमी कार्बनची’ ठरतात, कारण राखेचा कार्बन शून्य धरला जातो. कोळसा जळाला तो विजेच्या नावावर, राख फुकट. ज्या चिमणीमुळे वीज काळी ठरते, तिच्याच पोटातून निघालेली राख सिमेंट हिरवे करते. हा निव्वळ खतावणीचा निर्णय आहे, आणि खतावणी बदलली की हिरवा रंगही बदलतो.

एवढे सगळे धरूनही तेल्हाऱ्यात सगळ्यात मोठी चूक होते ती पाण्यात. पुरवठा साखळीच्या कुठल्याही आकृतीत पाणी नसते. सिमेंट आहे, लोखंड आहे, रेती आहे. पाणी जणू नळाला असतेच. पूर्णेच्या दोन्ही काठांचा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या सुमारे नऊशे गावांत पसरला आहे. इथल्या बोअरचे पाणी जनावर तोंड लावत नाही असे असते, आणि तेच बांधकामाला वापरले जाते. भारतीय मानक 456 सांगते की लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. कारण सरळ आहे. सिमेंटच्या क्षारीय वातावरणात लोखंडावर पातळ संरक्षक थर राहतो, क्लोराइड तो फोडतो, आतून गंज चढतो, गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीटला आतून तडकवते. छताचे पापुद्रे पडू लागतात, सळाख उघडी पडते. वर एप्रिल-मेचे ऊन, त्यात पाणी मारायलाही तेच खारे पाणी. खाली फुगणारी-आकसणारी काळी जमीन पायाला हलवत असते ती वेगळीच.

मग हिशेब करा. दहा टन कार्बन खर्चून बांधलेले घर पन्नास वर्षे टिकले तर वर्षाला दोनशे किलो. तेच पंधरा वर्षांत गंजले तर वर्षाला साडेसहाशेहून जास्त. विटेऐवजी राखेचा ठोकळा, लांबच्याऐवजी जवळची गिट्टी, या सगळ्या काटकसरीतून जेवढे वाचेल त्यापेक्षा जास्त एका खाऱ्या टँकरने वाया जाते. आणि कार्बन बाजूला ठेवा. ज्याला आयुष्यात एकदाच घरकुल मंजूर होते त्याचे घर पंधरा वर्षांत गेले तर दुसरे कोण देणार? शाश्वततेच्या मोजणीत भाजकाच्या जागी घराचे आयुष्य नसेल तर वरचा भाज्य कितीही काटेकोर काढा, त्याला अर्थ नाही. यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. पाया खोदण्यापूर्वी एक बाटली पाणी तपासायला द्यावे लागते. गोडे पाणी मात्र इथे सहज मिळत नाही, हेही खरे. वानच्या पाण्यावरून तेल्हारा-अकोटचे शेतकरी आणि खालच्या शहरांच्या, गावांच्या योजना यांच्यात वाद झालेला आहे. ओलितासाठी भांडणाऱ्या तालुक्यात काँक्रीटसाठी गोडे पाणी मागणे हास्यास्पद वाटेल. पण मग निदान पावसाचे साठवून वापरा, किंवा लोखंड कमी लागेल असे छत मंजूर करा. पाण्याचा रकानाच नसेल तर यातला कुठलाच पर्याय कुणाला सुचणार नाही.

रेतीचे दुखणे वेगळे. रेतीचा कार्बन नगण्य आहे, म्हणून कार्बनच्या मोजणीत ती निर्दोष सुटते. नदीच्या हिशेबात मात्र तीच मुख्य आरोपी. इथे मोजायची गोष्ट एकच आहे: पावसाळ्यात नदीने किती रेती आणली आणि माणसाने किती नेली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2012 मध्ये दीपक कुमार प्रकरणात लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी लावली. 2016 पासून जिल्हा सर्वेक्षण अहवाल आला. 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी पावसाळ्याआधी आणि नंतर पात्र मोजायला सांगितले. महाराष्ट्राने 2023 मध्ये सरकारी डेपोतून 600 रुपये ब्रासने रेती द्यायचे ठरवले, मग 2025 मध्ये पुन्हा लिलावाकडे वळला, घरकुलांना पाच ब्रासपर्यंत मोफत ठेवली आणि सरकारी कामांत वीस टक्के कृत्रिम वाळू सक्तीची केली. धोरणे बदलत राहिली. बांधकाम एक दिवसही थांबले नाही. घाट सुरू असो की बंद, रेती येते. बंद असताना रात्री येते. वर नद्यांवर धरणे आहेत, गाळाबरोबर रेतीही भिंतीमागे अडते, तेव्हा खालचे पात्र भरून येण्याचा वेग पूर्वीचा राहिलेला नाही.

सरकारी कामात या प्रश्नाची बोळवण कशी होते तेही पाहण्यासारखे आहे. ठेकेदाराने वाहतुकीचे पास जोडले नाहीत तर रॉयल्टी त्याच्या बिलातून कापतात. शासनाला पैसे मिळाले, फाइल पूर्ण झाली. रेती कुठून आली हा प्रश्न तिथेच मरतो. लीडच्या तक्त्यात घाटाचे नाव मात्र छान टंकलेले असते.

हा तक्ता तरी खरा असतो का, असे कोणी विचारील. लीड वाढवून दाखवतात, जवळच्या खाणीचा माल लांबच्या खाणीचा म्हणून बिल काढतात, ही ओरड जुनी आहे. मला यातच संधी दिसते. पैशाच्या हिशेबात खोटे बोलणारा अंतर वाढवतो. हिरव्या गुणांच्या हिशेबात खोटे बोलणारा तेच अंतर कमी करतो. दोन्ही हिशेब वेगळ्या कागदांवर, वेगळ्या खात्यांत राहिले तर दोन्हीकडे खोटे बोलता येते. एकाच पानावरच्या एकाच आकड्यावर दोन्ही टांगले तर एका बाजूने मिळवले ते दुसऱ्या बाजूने जाते. शाश्वततेचा वेगळा अहवाल, वेगळे प्रमाणपत्र, वेगळा अधिकारी याला माझा विरोध याच कारणाने आहे. तो आकडा जितका बिलाजवळ राहील तितका खरा राहील.

माणसांच्या मोजणीबद्दल थोडक्यात. 1996 च्या कायद्यापासून बांधकाम कामगाराला वर्षात नव्वद दिवस काम केल्याच्या दाखल्यावर नोंदणी मिळते, आणि बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर जमा होतो. स्वतःच्या लहान घराला उपकर नाही, हे योग्यच आहे. पण मग भट्टीवर उचल घेऊन आलेले कुटुंब, घाटात रात्री टोपले भरणारा मजूर आणि घरकुलावरचा मिस्त्री या तिघांनाही जोडणारा एकही कागद उरत नाही. कंपन्यांच्या अहवालात ‘पुरवठादारांत बालमजुरी आढळली नाही’ असे वाक्य असते. आढळण्यासाठी तिथे जावे लागते.

घरकुलासाठी नवे रकाने वाढवले तर काय होईल याची मला कल्पना आहे. पंचायत समितीतल्या एका अभियंत्याकडे शेकडो घरे असतात. तो ते रकाने टेबलावर बसून भरील, आणि त्याला दोष देता येणार नाही. म्हणून त्याला भरायला लावू नये. घरकुलाचा प्रत्येक टप्पा आजच ॲपवर छायाचित्रासह, जागेच्या अक्षांश-रेखांशासह चढतो. रेतीच्या वाहतुकीचा पास ‘महाखनिज’ प्रणालीत निघतो. त्यावर घाट, वाहन, वेळ सगळे असते. या दोन यंत्रणांची एकमेकींशी ओळख नाही, एवढाच अडसर आहे. तालुक्यात वर्षभरात पुरी झालेली घरकुले गुणिले पाच ब्रास, त्यात नगरपरिषदेने परवानगी दिलेल्या घरांचे आणि सरकारी कामांचे अंदाजपत्रकातले ब्रास मिळवा, आणि त्यातून पासांवरची एकूण रेती आणि कृत्रिम वाळू वजा करा. उरेल ती नदीतून विनाहिशेब गेलेली रेती. ढोबळ असेल, पण कुठल्याही निर्देशांकाच्या गुणांपेक्षा तो आकडा पूर्णेबद्दल जास्त सांगेल. ही वजाबाकी तेल्हाऱ्याच्या तहसील कार्यालयात एका दुपारी होऊ शकते. सगळे आकडे सरकारचेच आहेत. फक्त काही महसूल खात्याकडे आहेत, काही ग्रामविकासाकडे आणि काही नगरविकासाकडे.